सोव्हिएत बशीवरचा घंटावाला: श्रद्धा की प्रचार?

मृण्मयी
१९१७च्या रशियन क्रांतीनंतर पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) शाही चिनीमाती कारखान्यात झारच्या काळातल्या कोऱ्या बशा पडून होत्या. तळाची झार निकोलसची मोहर रंगाने झाकायची, शेजारी कोयता-हातोडा आणि दातेरी चाक काढायचं, की झाली बशी सोव्हिएत! तिथे अलेक्झांद्रा श्चेकातिखिना-पोतोत्स्काया चित्रं काढत. जुन्या विधींना धरून राहिलेल्या पंथातलं घर, आजोबा देवप्रतिमा रंगवणारे. त्यांच्या एका बशीवर घंटा वाजवणारा आहे आणि सोबत सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळांच्या, आठव्या काँग्रेसचा (अधिवेशनाचा) जयजयकार. माझं ठाम मत आहे, हा प्रचाराला चढवलेला लोककलेचा झगा नाही. क्रांती त्यांना याच रूपात दिसली.

जुनापाना
अजिबात पटत नाही. ज्या सत्तेचा हा जयजयकार, तिनेच १९३० मध्ये मॉस्कोत चर्चच्या घंटा वाजवण्यावर बंदी आणली. कितीतरी घंटा वितळवल्या. दानिलोव मठाच्या वाचल्या, कारण एका अमेरिकन धनिकाने विकत घेतल्या. त्या परतल्या २००८ मध्ये. लोकांच्या श्रद्धेचं चित्र वापरून घेतलं, बस.

मृण्मयी
१९३०चा हिशोब १९२०-२१च्या बशीकडे कसा मागता? आणि घंटा फक्त देवळाची होती का? नोवगोरोद या जुन्या रशियन शहरात नागरिकांची सभा भरवायला घंटा वाजायची. १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इवान राजाने शहर ताब्यात घेतलं आणि ती घंटाच उतरवून मॉस्कोला नेली. काँग्रेस भरतेय म्हणून घंटा वाजवणारा माणूस मला त्या जुन्या घंटेचाच वारस वाटतो.

जुनापाना
नोवगोरोदचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण या बशा परकीय चलनासाठी परदेशातही विकल्या जात होत्या आणि १९२१ मध्ये व्होल्गाकाठी माणसं उपाशी मरत होती. रिकाम्या पोटाला ही घंटा काय सांगणार?

भट्टीवाली
मी स्वतः कपबशा रंगवते. झिलईवर रंग लावून बशी पुन्हा भाजावी लागते. झिलई काचेसारखी गुळगुळीत, ब्रश घसरतो, हात थबकला की रेघेत दिसतं. या बाईंच्या रेघा जाड, सलग, न अडखळता ओढलेल्या. नावडत्या हुकमावर हात असा मोकळा चालत नाही, हे मी माझ्या कामावरून सांगते.

जुनापाना
हात मोकळा होता, मान्य. पण १९२३ मध्ये त्या कैरोला गेल्या, बिलिबिन या चित्रकाराशी लग्न केलं, पुढे पॅरिस. इतकी क्रांती आपली होती, तर गेल्या का?

मृण्मयी
आणि १९३६ मध्ये परत आल्या त्याचं काय? त्याच कारखान्यात, पुन्हा त्याच कामाला.