पंजाबातला व्हायरस आणि आपली दहा तुडतुड्यांची मोजणी: फवारा मारायचा कधी?

बांधीवरून (धागा सुरू करणारा):
रोवणी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच आमच्या गावात एका औषध कंपनीचा माणूस येऊन गेला. मोबाईलवर पंजाबातल्या खुज्या धानाचे फोटो दाखवले. "हा व्हायरस आता इकडंही येणार, तुडतुडा दिसायची वाट पाहू नका" म्हणाला. चहा संपायच्या आत आठ-दहा जणांनी औषध लिहून घेतलं.

फोटो खरे आहेत. 2022 मध्ये पंजाब-हरियाणात कित्येक शेतांत काही चुडं, म्हणजे एका जागी रोवलेल्या रोपांचे झुबके, निम्म्याहून खुजी राहिली होती. ओढली की मुळासकट हातात यायची. लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं तपासलं तेव्हा सदर्न राइस ब्लॅक-स्ट्रीक्ड ड्वार्फ हा व्हायरस निघाला. तो पसरवतो पांढऱ्या पाठीचा तुडतुडा. आपल्या भंडारा-गोंदियात बांधी (धानाचं बांध घातलेलं शेत) जळते ती मुख्यतः तपकिरी तुडतुड्यानं, तीही लोंबी भरायच्या वेळी. तो रस पिऊन धान वाळवतो. दुखणं वेगळं, वेळ वेगळी, आणि औषध मात्र आत्ताच मारायचं?

माझं मत सरळ आहे: चुडामागे 10 तुडतुडे दिसेपर्यंत पंपाला हात लावू नये. आत्ता मारलं तर आधी कोळी आणि मिरीड ढेकूण मरतात. हा ढेकूण तुडतुड्याची अंडी खातो. राखणदार मारून चोराची वाट पाहण्यातला प्रकार आहे हा.

जुना_धानवाला:
भाऊ, 2017 विसरला का? तुडतुड्यानं अख्खा पट्टा झोपवला होता. नागपूरच्या अधिवेशनात कापसाच्या बोंडअळीबरोबर धानाच्या तुडतुड्यालाही मदत जाहीर करावी लागली. मी तेव्हा मोजतच बसलो होतो. सोमवारी सहा-सात होते. पाऊस लागला, चार दिवस बांधीत गेलो नाही. गेलो तं गोल गोल चट्टे पडलेले, जसा कोणी मधातच बसून शेकोटी पेटवली. तुमचे दहा पुस्तकात बरे.

बांधीवरून:
काका, नुकसान मीही सोसलंय. पण त्या वर्षी युरिया किती टाकला होता? हिरवंगार, दाट धान म्हणजे तुडतुड्याला सावलीतलं जेवण. आणि औषध वरच्या पानांवर मारलं असेल. तो तर बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटं बसलेला असतो.

जुना_धानवाला:
युरिया सगळेच टाकतात. मलाच काहून विचारतो?

सूक्ष्मदर्शक:
धागाकर्त्याचं अर्धं बरोबर आहे, अर्धं चुकतंय. 10 ची पातळी रस शोषण्याच्या नुकसानीसाठी ठरवलेली आहे. व्हायरसला ती लागू नाही. रोगट धानाचा रस प्यायलेला तुडतुडा मरेपर्यंत व्हायरस वाहतो, आणि कोवळ्या रोपाला असा एकच पुरे. एकदा रोप खुजं राहिलं की त्यावर जगात औषध नाही.

म्हणून लुधियानावाले दहा मोजायला सांगत नाहीत. दर आठवड्याला काही चुडं थोडी वाकवा, बुडाशी दोन-तीन टपल्या मारा, पाण्यावर तुडतुडे तरंगले तर फवारा, असा त्यांचा सल्ला. मात्र यातही "दिसले तर" आहेच. न पाहता, तारीख धरून मारा असं तेही म्हणत नाहीत. शिवाय तिथं लवकर रोवलेल्या शेतांना जास्त फटका बसला होता. म्हणजे औषधाइतकाच प्रश्न रोवणीच्या तारखेचाही आहे. तो विकणाऱ्याच्या पिशवीत कसा सापडणार?

कृषी_केंद्र_चालक:
प्रत्येक वेळी दुकानदारच चोर! माझ्याकडे माणूस येतो तेव्हा बांधी अर्धी वाळलेली असते आणि त्याला "आजच्या आज पडलं पाहिजे" असं औषध हवं असतं. वर उधारी. जुन्या सिंथेटिक पायरेथ्रॉइडनं तुडतुडे उलट वाढतात, हे मीही गिऱ्हाइकाला सांगतो. पण पायमेट्रोझिन, ट्रायफ्लुमेझोपायरिम ही औषधं तशी नाहीत, मित्रकिडींना त्यांचा त्रास बराच कमी. सगळ्या बाटल्या एका मापानं मोजू नका.

सूक्ष्मदर्शक:
मान्य. पण इमिडाक्लोप्रिड आलं तेव्हाही असंच कौतुक होतं. 2005 च्या सुमारास आशियात बऱ्याच ठिकाणी तपकिरी तुडतुडा त्याला दाद देईना. नवं औषध दरवर्षी, प्रत्येक बांधीत, गरज नसताना मारलं तर त्याचंही तेच होणार.

बांधीवरून:
इंडोनेशियाचं उदाहरण कोणी देत कसं नाही? तिथं सरकारच औषधाच्या किमतीचा मोठा भाग भरायचं. फवारे वाढले तसे तुडतुडेही वाढले. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढं अनुदानही काढलं. देश उपाशी पडला नाही.

कृषी_केंद्र_चालक:
त्यांनी नुसती बंदी नाही घातली, लाखो शेतकऱ्यांना शेतीशाळेत बसवून कीड ओळखायला शिकवलं. आमच्या गावात शेतीशाळेचा बोर्ड लागला, फोटो निघाला, झालं.

रोवणीवाली:
मी दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जाते म्हणून बोलते. दर दहा ओळींनंतर एक ओळ सोडा, हवा खेळते, तुडतुडा कमी होतो, हे आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं. आम्ही तशी रोवायला लागलो तं मालक म्हणाले जागा वाया जाते, भरून टाका. त्यात गुत्त्याचं (ठेक्याचं) काम, दोरी लावायला वेळ कोण देतो? मग तोच मालक दोन महिन्यांनी फवारणीला माणूस शोधत फिरतो. त्या दाट धानात पंप घेऊन शिरणारा माझाच घरधनी असतो. तुम्ही बाटलीवर भांडता, 2017 लाच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते कोणी लिहिलं नाही.

जुना_धानवाला:
ताई, बरोबर बोललीस. ओळ भरायला लावणाऱ्यांत मीही आहे. यंदाही भरली.

पण बांधीवरून, तुझ्यावर माझा राग कायम आहे. मोजणं सोपं नाही. ढग आले की दर दोन दिवसांनी चिखलात उतरावं लागते, गुडघे माझे आहेत. शनिवारी सकाळी ये. वीस चुडं तू वाकव, मी पाहतो. सरासरी दहाच्या वर निघाली तं पंप तुझ्या पाठीवर.

बांधीवरून:
येतो काका. आधी बांधीतलं पाणी काढून ठेवा, बुडापर्यंत दिसलं पाहिजे.

सूक्ष्मदर्शक:
उलटं सांगताय! टपली मारून पाहायचं तर थोडं पाणी असू द्या, पडलेले तुडतुडे त्यावरच दिसतात. मोजून झाल्यावर काढा.