नोकरी सांभाळून पूर्णवेळ चित्रकामाकडे कसे वळावे?

रेषाघर (पुणे):
नमस्कार. मी एका खासगी कंपनीत ग्राफिक डिझायनर आहे आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी बालपुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी रेखाटने करते. हे काम आता एवढे वाढले आहे की दोन्हींना न्याय देणे कठीण झाले आहे. मला पुढे स्वतंत्र चित्रकार म्हणूनच काम करायचे आहे. मात्र घराचा हप्ता चालू आहे आणि हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे मलाही अगदीच अमान्य नाही. राजीनाम्याआधी काय मार्गी लावावे आणि काही मधला मार्ग निघतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मुखपृष्ठ (नाशिक):
दिवाळी अंकांच्या कामावरून वर्षाचा अंदाज बांधू नका. गणपतीच्या आगेमागे संपादकांचे फोन थांबत नाहीत, दिवाळीनंतर मात्र सामसूम असते आणि मानधन अनेकदा जाहिरातींचे पैसे वसूल झाल्यावरच हाती येते. त्यामुळे काम कधी केले यापेक्षा पैसे खात्यात कधी जमा झाले, याची महिनावार नोंद ठेवा आणि घराचा हप्ता त्यातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांशी ताडून पाहा. बालपुस्तकाचे काम घेताना एक हिस्सा आगाऊ, एक कच्ची रेखाटने मंजूर झाल्यावर आणि उरलेला अंतिम फाइल देताना, असे ठरवून घ्यावे. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या मानधनात धरल्या आहेत, हेही आधीच लिहावे.

मधला मार्ग म्हणजे सध्याच्याच कंपनीला आठवड्यातले काही दिवस ठरावीक मासिक मोबदल्यावर काम करण्याचा प्रस्ताव देणे. मात्र त्यात भविष्य निर्वाह निधी आणि कंपनीचा आरोग्य विमा बहुधा सुटतो. स्वतःची विमा पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी भरपाई सुरू होण्यापूर्वीचा प्रतीक्षा काळ ३ वर्षांपर्यंत असू शकतो.

शाईदौत (ठाणे):
आपली नोकरी आणि बाहेरचे काम एकाच क्षेत्रातले आहे, म्हणून नियुक्तिपत्र आधी बारकाईने वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. बाहेरची रेखाटने ऑफिसच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या परवान्याचे सॉफ्टवेअर आणि फॉन्ट वापरून केली, तर वादाला निमित्त मिळते. हे आजच वेगळे करा.

नोंदवही (कोल्हापूर):
प्रकाशकाने मानधनातून टीडीएस कापला, तरी कर तेवढ्यावर संपत नाही. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. त्याचा पहिला हप्ता १५ जूनला असतो. प्रत्येक मानधनातला काही भाग त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा.

रेषाघर (पुणे):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका प्रकाशकाने ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे लिहिलेला करार पाठवला आहे. त्यावर सही करावी का?

शाईदौत (ठाणे):
तशीच करू नका. कॉपीराइट कायद्याच्याच कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षे, प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता धरला जातो. ‘कायमस्वरूपी’ लिहिले की हे संरक्षण आपण स्वतःहून सोडतो. मराठी आवृत्तीपुरते, ठरावीक मुदतीचे हक्क देण्याची तयारी लेखी कळवा. अनुवाद, ई-पुस्तक आणि चित्रांचा अन्य वापर यांचे मानधन वेगळे मागा. प्रकाशकाला सर्वच हक्क हवे असतील, तर रक्कम त्या प्रमाणात वाढायला हवी आणि मूळ चित्रे आपल्याकडेच राहतील, हे करारात यायला हवे.