आजोबांनी बांधलेला व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप

निपाणीच्या घरात माळ्यावर सापडला, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र. सहा इंची गोल पिक्चर ट्यूब, त्यावर ‘व्हीसीआर ९७’. शेजारी लाल डब्यांसारखे चार ईएफ ५० व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात नळ्या). सोल्डरिंग अजून चकाकतंय! थेट प्लगला लावू का?

उत्तर: नको दादा, अजिबात नको! मी बेळगावात रेडिओ दुरुस्त करतो. ही ट्यूब दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रडारची, तिला सुमारे २००० व्होल्ट लागतात. अशा स्कोपात बहुतेक कॅथोडच (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) उणे २००० व्होल्टवर असतो, म्हणून तो तापवणाऱ्या ४ व्होल्टच्या हीटरची वायरसुद्धा जीवघेणी. कागदी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जुने झाले की त्यांच्यातून करंट गळतो, ते आधी बदला. मग १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करा, म्हणजे जास्तीचा करंट तो अडवेल.

उत्तर: बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज रेझिस्टरने उतरवूनच हात घाला. सर्किटची वही शोधा की हो!

निपाणीकर: मिळाली, काका! आजोबांचंच अक्षर आहे.