जर्मनीतील स्थलांतरित तरुण : विद्यापीठाआधीचे तयारीचे वर्ष हवे की नको?

उत्तरायणी

जर्मनीत २०१५ साली सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले. त्यांतल्या तरुणांपैकी कुणाची बारावी झाली होती, तर कुणाला पदवीचे शिक्षण युद्धामुळे अर्ध्यावर टाकावे लागले होते. अशा मुलांना विद्यापीठात थेट घ्यावे, की आधी भाषेचे आणि विषयांचे तयारीवर्ग सक्तीचे ठेवावेत, हा वाद तेव्हापासून इथे धुमसतो आहे. माझ्या मते तयारीचे वर्ष मोडीत काढू नये. उलट ते आणखी लवकर सुरू व्हावे आणि त्यात भाषा व विषय हातात हात घालून शिकवले जावेत.

ज्यांचे शालान्त प्रमाणपत्र जर्मन 'आबिटूर'च्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीच्या शालान्त परीक्षेच्या, तोडीचे धरले जात नाही, त्यांना 'श्टुडिएनकोलेग' या विद्यापीठपूर्व तयारीच्या संस्थेत साधारणपणे दोन सत्रे काढावी लागतात. अभियांत्रिकीसाठी टी, वैद्यकीयसाठी एम, अर्थशास्त्रासाठी डब्ल्यू असे वेगवेगळे वर्ग असतात आणि शेवटी पात्रता परीक्षा होते. बहुतेक सरकारी कोलेगमध्ये शिकवणी शुल्क नाही, पण आत शिरण्यासाठीही परीक्षा द्यावी लागते. खरी खोच त्याच्याही आधी आहे. स्थलांतरितांसाठीच्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात भाषेचे ६०० तास आणि समाजपरिचयाचे १०० तास मिळतात, आणि त्याचे उद्दिष्ट बी-१ पातळीवर संपते (भाषेच्या युरोपीय पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात). विद्यापीठ मात्र बहुधा सी-१ मागते. मधली वाट 'गारांटीफोंड्स होखशूल' या केंद्रीय निधीतून किंवा 'डाड' या परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या 'इंटेग्रा'सारख्या उपक्रमातून चालणाऱ्या वर्गांत जागा मिळाली तर सुकर होते, नाहीतर ज्याचे त्याने निभावायचे.

मी अशाच एका तयारीवर्गात गणित शिकवते. अलेप्पोहून आलेला माझा एक विद्यार्थी विकलन डोळे मिटून करतो, परंतु 'या फलाला (फंक्शनला) दुसरे कमाल मूल्य का नाही याचे कारण द्या' असा प्रश्न आला की उत्तराची जागा कोरी सोडतो. त्याला गणित येते, रोजचे जर्मनही येते. येत नाही ते गणिताचे कारण चार वाक्यांत लिहिणे. 'कारण द्या', 'स्पष्ट करा' आणि 'पडताळा घ्या' यांची उत्तरे वेगवेगळ्या घडणीची असतात, हे भाषेच्या वर्गात कोणी सांगत नाही आणि विद्यापीठातले प्राध्यापक ते येतच असेल असे गृहीत धरतात.

रोखठोक

उत्तरायणीताई, आपले निरीक्षण मान्य आहे, निष्कर्ष नाही. चोविसाव्या वर्षी इथे पोचलेल्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. आश्रयाच्या अर्जाचा निकाल, मग एकात्मता अभ्यासक्रम, मग सी-१, मग कोलेग, आणि त्यानंतर कुठे तीन वर्षांची पदवी. तिशी उलटते. तोवर मागे राहिलेले घरचे लोक पैशांची वाट पाहत असतात आणि रोजगार कार्यालयातला अधिकारी समोर 'आउसबिल्डुंग'चा, म्हणजे पहिल्या महिन्यापासून वेतन देणाऱ्या उमेदवारीचा, कागद ठेवतो. त्याने तो घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा?

शिवाय 'बाफ्योग' ही शिक्षणसाहाय्याची योजना कोलेगमधल्या पात्र विद्यार्थ्यांना लागू होते, नुसत्या भाषावर्गाला नाही. म्हणजे जिथे मुले सर्वाधिक गळतात, नेमका तिथेच आधार नाही. माझे म्हणणे असे की बी-२ झालेल्याला पहिल्या सत्रात कमी विषयांसह दाखल करून घ्यावे आणि भाषेचा वर्ग समांतर चालवावा. कारणे लिहायला तो सहाध्यायांबरोबर प्रयोगवही लिहिताना अधिक लवकर शिकेल.

बॉनचा बिऱ्हाडकरू

वेगळा मुद्दा मांडतो, कडू वाटला तरी. पुण्याहून येणाऱ्या आमच्या मुलांना कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या 'आपीएस'चे प्रमाणपत्र काढावे लागते, दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, मॅक्सम्युल्लर भवनातली शिकवणी पदरमोड करून घ्यावी लागते. नुसत्या बारावीवर आलेल्याला तर त्याच कोलेगच्या रांगेत उभे राहावे लागते. मग एकालाच फुकट वर्ग आणि मार्गदर्शन का?

उत्तरायणी

बिऱ्हाडकरू, आपला मुलगा दूतावासात जाऊन कागद काढू शकतो. आश्रयार्थ्याला ज्या सरकारपासून तो पळाला त्याच्याच दारात जाणे धोक्याचे असते. म्हणूनच जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये कागदपत्रे हरवलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती ठरवून दिली. आपल्या मुलांची ओढाताण होते हे खरेच, पण तो स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी दुसऱ्याच्या ताटातले काढायला नको.

रोखठोक, प्रयोगवहीचे आपले उदाहरण मला पटत नाही. गटातला जर्मन मुलगा सगळे लिहितो आणि आमचा मुलगा मापे घेतो. पुढे लेखी परीक्षेला तो एकटाच बसलेला असतो. पैशांबद्दलचे आपले म्हणणे मात्र बिनतोड आहे.

सातपुड्याकडची

मी नंदुरबारच्या आश्रमशाळेतून मराठी माध्यमात शिकून पुण्यात अभियांत्रिकीला गेले. पहिल्या वर्षी महाविद्यालयाने संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग ठेवला होता. त्यात पत्रलेखन आणि मुलाखतीची तयारी करून घेत. यंत्रशास्त्राच्या पुस्तकातला एक परिच्छेदही कधी वाचला गेला नाही. दिवसभराच्या तासांनंतर त्या वर्गाला आम्ही जेमतेम निम्म्या मुली उरत असू. म्हणून रोखठोक यांच्या 'समांतर' या शब्दावर माझा विश्वास बसत नाही. समांतर वर्ग प्रत्यक्षात उरलेल्या वेळचा वर्ग होतो.

रोखठोक

आपल्या महाविद्यालयाने तो वर्ग वाईट चालवला, एवढेच यातून सिद्ध होते. त्या वर्गाला श्रेयांक असते आणि तो सकाळी नवाला असता, तर निम्म्या मुली उरल्या असत्या का?

आणि वेगळ्या तयारीवर्षाचा भरवसा तरी कुणी द्यावा? नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या राज्याने आपली सरकारी कोलेग २०१० च्या सुमारास बंदच केली. तिथल्या मुलाने खासगी कोलेगची फी भरायची, नाहीतर राज्य सोडायचे. आणि ज्याच्या परवान्यावर राहण्याचे ठिकाण ठरवून दिलेले असते, त्याला राज्य सोडणेही सोपे नाही. विद्यापीठांतर्गत वर्ग असा एका फटक्यात बंद करता येत नाही.

उत्तरायणी

येतो. 'इंटेग्रा'चे वर्ग विद्यापीठांमध्येच चालत, आणि केंद्राचा निधी आटला की ते वर्गही आटतात. वर्ग कुठे भरतो यापेक्षा त्याचा खर्च कुणाच्या कायम अंदाजपत्रकात आहे, हे आपण दोघांनीही आधी सांगायला हवे होते. माझे उत्तर असे की तो राज्याने उचलावा आणि 'बाफ्योग' बी-१ पासूनच लागू करावे. विद्यापीठांच्या पदरी तो घातला, तर पहिल्या काटकसरीत तोच जाईल.

रोखठोक

'बाफ्योग'वर सहमत. राज्यावर नाही, कारण राज्याने काय केले ते वर लिहिलेच आहे.