लॉगिन सत्र उघडणाऱ्यानेच ते बंद करायला हवं

धागाकर्ता:
लिनक्सवर स्वतःचा लॉगिन प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कोडमध्ये एकच चूक वारंवार दिसते. पॅम (लॉगिनची तपासणी आणि सत्राची उघडझाप मॉड्यूलांकडून करून घेणारी लायब्ररी) हिच्याकडून पासवर्ड तपासून घेतला, खातं चालू आहे ना ते पाहिलं, ओपन सेशन केलं, रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार सोडले आणि एक्झेक करून, म्हणजे चालू प्रोग्रामच्या जागी दुसरा बसवून, त्याच प्रोसेसवर शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) चढवलं. मग क्लोज सेशन करणार कोण? प्रोग्राम तर उरलाच नाही. वापरकर्ता निघून जातो आणि पॅम-माउंट या मॉड्यूलने जोडलेलं त्याचं एन्क्रिप्टेड होम (वैयक्तिक फोल्डर) तसंच उघडं राहतं.

ओपन सेशननंतर फोर्क करा, म्हणजे प्रोसेसची प्रत काढा: प्रत ती चाइल्ड, मूळ ती पेरेंट. शेल चाइल्डमध्ये चालू द्या, पेरेंट रूट म्हणूनच थांबू द्या. चाइल्ड संपलं की त्याच हँडलवर (पॅमशी चालू व्यवहाराच्या खुणेवर) क्लोज सेशन, मग सेटक्रेडने क्रेडेन्शियल (ओळखीचे पुरावे) काढून टाकणं, शेवटी पॅम एंड. एंडमध्येच सगळं येतं असं अनेकांना वाटतं. नाही येत! एंड हँडल मोकळं करतं, सत्र बंद करत नाही. आणि पेरेंटने आधीच रूट सोडलं असेल तर क्लोज करूनही होम अनमाउंट होणार नाही.

प्रतिसाद १:
क्रम बरोबर आहे, भरवसा चुकीच्या ठिकाणी आहे. पेरेंटला कुणी किल -९ (सक्तीने बंद करणारा सिग्नल) दिलं, किंवा मेमरी संपली म्हणून कर्नेलनेच त्याला मारलं, तर तुमचं क्लोज कधीच चालणार नाही. म्हणून मला लॉगिनडीची पद्धत पटते; सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीतला हा लॉगिन सत्रं सांभाळणारा भाग. पॅम-सिस्टमडी मॉड्यूल ओपनच्या वेळी सत्राची नोंद करतं आणि त्यातल्या प्रोसेस एका सीग्रुपमध्ये (कर्नेलने सांभाळलेल्या प्रोसेसच्या गटात) जातात. दोनदा फोर्क करून डीमन (पार्श्वभूमीत चालणारी) झालेली प्रोसेससुद्धा त्यातून आपोआप निसटत नाही. हिशोब कर्नेलकडे राहतो, प्रोग्रामरच्या शिस्तीवर नाही.

प्रतिसाद २:
हा हिशोब किती अंगाशी येतो ते मे 2016 मध्ये दिसलं. सिस्टमडी 230 मध्ये सत्र संपताच वापरकर्त्याच्या उरलेल्या प्रोसेस मारणं हे डीफॉल्ट झालं. टीमक्स, स्क्रीन, नोहप, सगळं त्यात आलं. लॉगआउट करूनही काम चालू राहावं म्हणूनच तर लोक ती वापरतात! डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्याकडे ते डीफॉल्ट बंद केलं, ते योग्यच केलं. लिंगर (लॉगआउटनंतरही वापरकर्त्याच्या सेवा चालू ठेवणारी सोय) चालू करा असं सांगणं सोपं आहे, पण जुनी सवय मोडायला लावण्याआधी विचारायला हवं होतं.

धागाकर्ता:
@प्रतिसाद १, सीग्रुपला प्रोसेस कळतात. जोडलेलं होम आणि केर्बेरॉसची (नेटवर्कवर ओळख पटवणाऱ्या पद्धतीची) तिकीट फाइल त्याला कुठून कळणार? ते ज्या मॉड्यूलने केलं त्यालाच ठाऊक, आणि त्याला क्लोजच्या वेळीच संधी मिळते. शिवाय पॅम-माउंट प्रत्येक वापरकर्त्याची किती सत्रं चालू आहेत ते मोजतं. एक क्लोज चुकलं की आकडा शून्यावर येतच नाही, मग पुढची सगळी लॉगआउट नीट झाली तरी होम जोडलेलंच!

प्रतिसाद १:
हे मान्य, प्रोसेसच्या पलीकडची आवराआवर सीग्रुप करत नाही. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एका क्रॅशने मोजणी कायमची बिघडत असेल तर दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. मॉड्यूलने आकड्यावर विसंबू नये, पुढच्या ओपनला खरोखर कोणती सत्रं जिवंत आहेत ते तपासावं.

धागाकर्ता:
तपासावंच. पण तो वापरकर्ता पुन्हा लॉगिन करेपर्यंत त्याच्या फाइली उघड्या राहतात, आणि कदाचित तो महिनाभर येणारच नाही.