थंडीतल्या रात्रीचं काय?
भाऊ, खेड्यात दारं-खिडक्या उघड्याच राहतात म्हणून रेडॉन या किरणोत्सर्गी गॅसची काळजी नाही म्हणता, दिवसा ठीक आहे न, पण थंडीत रात्री सगळं बंद करून खालीच अंथरूण टाकून झोपतो तेव्हा काय? हा गॅस जमिनीतल्या युरेनियमपासून बनते, वास नाही रंग नाही, फरशीच्या भेगांतून वर येते. अकोला-अमरावतीकडच्या काळ्या बेसॉल्ट खडकात युरेनियम कमीच, पण गडचिरोली-गोंदियाकडं ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत, तिकडं तर तपासाच. एका दिवसाच्या रीडिंगवर जाऊ नका, आकडा रोज बदलते, रेडॉन मोजायचा डिटेक्टर झोपायच्या खोलीत ३ महिने तरी राहू द्या, डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) सांगितलेली पातळी १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं माप) प्रति घनमीटर आहे, आकडा त्याच्या खालीच पाहिजे. अन् घरात कोणी बिडी ओढत असन तर त्याले पहिले सांगा, बिडी अन् रेडॉन दोन्ही मिळून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका लई वाढते.