‘नेव्ह’ला सभामंडप म्हणावे का?

प्रश्न : इंग्लंडमध्ये वेल्सच्या सीमेजवळ, हेरफर्डशर परगण्यातील किलपेक या खेड्यात इ. स. ११४० च्या सुमारास तांबूस वालुकाश्मात बांधलेले एक लहानसे चर्च आहे. त्याच्या वर्णनाचा अनुवाद करताना मी ‘नेव्ह’साठी (लोकांसाठीचे मुख्य दालन) सभामंडप, ‘चान्सेल’साठी (वेदीजवळची धर्मगुरूंची जागा) अंतराळ आणि ‘अ‍ॅप्स’साठी गाभारा हे शब्द योजले आहेत. हे तीन भाग देवळाप्रमाणेच एकापाठोपाठ एक येतात. हे शब्द योग्य ठरतील का?

प्रतिसाद : क्रम जुळतो, अर्थ मात्र जुळत नाही. गाभारा म्हटले की मराठी वाचकाला उंबरठ्यापलीकडचा अंधार, समई आणि मूर्ती दिसते, तर किलपेकचे अ‍ॅप्स म्हणजे पूर्वेकडचा खिडक्या असलेला अर्धवर्तुळाकार शेवट. त्याचा आकार मराठी वाचकाला सांगायचा, तर देवळापेक्षा कार्ल्याच्या चैत्यगृहाचा स्तूपामागचा गोलाकार भाग अधिक जवळचा आहे.

‘चान्सेल’ हा शब्द जाळीदार कठड्याच्या लॅटिन नावावरून आला आहे, कारण धर्मगुरूंची जागा अशा कठड्याने लोकांपासून वेगळी केलेली असे. अंतराळ ही दोन दालनांमधली जोडजागा असते. चान्सेल मात्र स्वतंत्र हेतूची जागा आहे, म्हणून ‘वेदीकक्ष’ मला बरा वाटतो. किलपेकला या कक्षाच्या तोंडाशी असलेल्या कमानीच्या खांबांवर, एकावर एक अशा, संतांच्या उभ्या आकृती कोरल्या आहेत.

‘नेव्ह’चे मूळ लॅटिन ‘नाविस’, म्हणजे जहाज; संस्कृत ‘नौ’ आणि आपली ‘नाव’ त्याच कुळातली. (चाकाच्या मध्यभागालाही इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात, पण तो वेगळा शब्द असून त्याचे नाते ‘नाभी’शी आहे.) म्हणून चर्चच्या दालनाला ‘नौका’ म्हणण्याचा मोह होतो, पण मराठीत ते कोड्यासारखे वाटेल. ‘मध्यदालन’ लिहावे.

प्रश्नकर्ता : परंतु किलपेकला बाजूची दालने नाहीतच. मग ‘मध्य’ कशाचा?

प्रतिसाद : हरकत रास्त आहे, माझा शब्द मागे घेतो. कार्ल्याला दुतर्फा खांबांच्या ओळी असून त्यांच्या बाहेर अरुंद वाटा आहेत, त्यामुळे तिथे ‘मध्यदालन’ अचूक ठरते, किलपेकला नाही. इथे ‘लोकदालन’ असा शब्द घडवावा, असे सुचवतो. त्याला आधारही आहे : इंग्लंडमधील मध्ययुगीन प्रथेनुसार चान्सेलची डागडुजी त्या चर्चच्या उत्पन्नावर हक्क असलेल्या धर्मगुरूने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी, म्हणजे छप्पर गळले तर कोणाच्या बाजूला गळते यावर खर्च कोणाचा हे ठरे. सभामंडपात ही वाटणी उमटत नाही.

प्रश्नकर्ता : आणि ‘कॉर्बेल’? मी ‘कंस’ लिहिले आहे.

प्रतिसाद : ‘कंस’ नको, वाचकाला एक तर गणित आठवेल, नाही तर मथुरा. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ लहान डोमकावळा असा होता. भिंतीतून पुढे आलेला दगड चोचीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. मराठीत सरळ ‘वळचणीखालचे कोरीव दगड’ लिहावे. किलपेकला असे ८५ दगड टिकून आहेत, आणि त्यांतल्या एकावर शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा इतके गोंडस आहेत की शिकार कोण आणि शिकारी कोण, हे विसरायला होते.